वाजत ठेवलेला फोन

पडद्यावर मावशीनं सांगितलेलं वाक्य आलं तेव्हा मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होते. झाकण अर्धवट फिरलं आणि तसंच राहिलं. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बरोबर मधोमध, चारी बाजूंनी भरपूर मोकळी जागा सोडून: "फोन बंद केला तर लोक बोंब मारतात. वाजत ठेवला तर वाट बघतात." खाली बारीक टाइपात, संस्थेतील एक कर्मचारी. मागच्या रांगांतून तो आवाज आला, हसणं आणि हळहळणं यांच्या मधला, चांगलं वाक्य ऐकलं की शिकलेली माणसं काढतात तो. व्यासपीठावर प्रवक्ता थांबला होता. कुठे थांबायचं हे त्याला फार छान कळतं. हे वाक्य वापरायचं नाही असं आमचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे सहज बोलण्यात नव्हे, त्यानं आईची शपथ घेतली होती, तीसुद्धा मी मागितलेली नसताना. मला आठवतं, मी तेव्हा म्हटलं होतं, आईला कशाला मधे आणतोस.

प्रवक्ता म्हणजे कुणाचा खराखुरा प्रवक्ता नव्हे. माझ्याच वर्गातला मुलगा, संशोधनातला माझा जोडीदार. नाव आम्हीच पाडलेलं. आमचा विषय सांगायला सोपा होता. जगभर पसरलेल्या मोठमोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांवर एखाद्या प्रकरणात बोट उठलं, सगळीकडे ओरड झाली, की त्या संस्था उत्तर काय देतात? विभागातल्या जिन्याखालच्या खोलीत बसून आम्ही दोघांनी अशी निवेदनं ढिगानं वाचली. पद्धत अशी की एकच निवेदन दोघांनी वेगवेगळं वाचायचं, एकमेकांकडे पाठ करून, आणि प्रत्येक वाक्य कुठल्या पायरीचं ते ठरवायचं. सगळ्यात खाली मौन. मग दखल. मग चिंता. मग चौकशी समिती. आणि प्रकरण थंड झाल्यावर, अगदी वर, 'यातून आम्ही धडा घेतला आहे.' नंतर खुर्च्या वळवून उत्तरं जुळवायची आणि जुळली नाहीत तर भांडायचं. 'तीव्र चिंता' आणि 'गंभीर चिंता' यांत जास्त काळजी कशात आहे यावर एकदा आमची अख्खी दुपार गेली होती. शेवटी मॅडम, आमच्या मार्गदर्शक, दारात येऊन म्हणाल्या, "अरे पोरांनो, दोन्हीत नाहीये." त्या दिवशी आम्ही इतके हसलो की जिन्यावरून जाणारी माणसं वाकून बघायला लागली.

हळूहळू ती भाषा आमच्या तोंडात बसली. हा उशिरा आला की दारात उभं राहून म्हणायचा, "झाल्या विलंबाबद्दल आम्हाला खेद आहे, मात्र जबाबदारी निश्चित करणं घाईचं ठरेल." हनुवटी जरा वर, हात पोटाशी जुळवलेले, आवाजात ती खास साय. हुबेहूब. त्यावरूनच नाव पडलं. आमच्या दोघांत काय होतं त्याला आम्ही कधी पायरी दिली नाही. पण पाठीला पाठ लावून महिनेच्या महिने बसलं की समोर बसणाऱ्या माणसापेक्षा जास्त कळत जातं. एखादं वाक्य वाचून तो हसणार असला की खुर्चीच्या पाठीतून मला आधी कळायचं. मला सर्दी झाली की तो न वळता रुमाल मागे धरायचा. दोनदा तो आमच्या घरी जेवून गेला होता आणि दुसऱ्या वेळी, तो गेल्यावर, मावशी म्हणाली होती, "मुलगा बोलतो छान. ऐकतो का तसा, ते बघ."

मावशीनं मला वाढवलं. आई गेली तेव्हा मला अजून नीट वेणीही घालता येत नव्हती, आणि मावशीचं लग्न ठरत आलं होतं. ते पुढे ठरलं नाही. यावर ती कधी बोलली नाही आणि मी कधी विचारलं नाही. आमच्या घरातला तो एक कोपरा आहे, तिथं दोघीही केर काढत नाही. मावशी अशाच एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेच्या इथल्या कार्यालयात तक्रारींच्या फोनवर बसायची. मदतछावण्यांतून फोन यायचे, औषधं मिळाली नाहीत, तंबू गळतोय, कुणी हरवलंय. ती ऐकायची, लिहून घ्यायची, वर पाठवायची. लहानपणी सुट्टीत ती मला बरोबर न्यायची. मी तिच्या टेबलाखाली बसून वायरीशी खेळायचे आणि वरून तिचा आवाज यायचा, "हो, ऐकतेय मी, बोला तुम्ही." मला तेव्हा वाटायचं मावशी हे मलाच म्हणतेय.

पूर आला, छावण्या उभ्या राहिल्या, छावण्यांतल्या टाक्यांचं पाणी खराब निघालं, मुलं आजारी पडली, काही दगावली. जगभर गदारोळ झाला. लोक म्हणत होते आम्ही फोन करून करून थकलो. मावशीच्या संस्थेचं निवेदन निघालं: 'आमची मदतवाहिनी या संपूर्ण काळात सुरू होती.' हे वाक्य जिन्याखालच्या खोलीत मी स्वतः वाचलं होतं आणि त्याच्यापुढे पायरी न देता लिहिलं होतं, वस्तुस्थिती. प्रवक्त्यानंही तेच लिहिलं होतं. खुर्च्या वळवल्या, उत्तरं जुळली, पुढे गेलो. मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, मावशी म्हणाली, "तुझ्या त्या अभ्यासात आमच्या संस्थेचं आहे का गं काही?" आणि मग तिनं सांगितलं. फोन सुरूच होते. वाजत होते. उचलायचे नाहीत असा वरून हुकूम होता, कारण उचलला की तक्रार नोंदवावी लागते आणि नोंदवली की ती आपल्याला माहीत होती असं होतं. मावशीनं म्हटलं होतं, मग बंद तरी करूया, लोक दुसरीकडे फोन करतील. त्यावर कार्यालयाचे साहेब चष्मा टायच्या टोकानं पुसत पडद्यावरचं ते वाक्य बोलले होते. खोलीत तिघंच होते, साहेब, मावशी आणि एक नवीन मुलगी, जी पुढच्याच महिन्यात तापानं गेली. म्हणजे हे वाक्य बाहेर कुणी सांगितलं असेल तर मावशीनंच. दुसरं तोंड उरलंच नव्हतं.

"दिवसभर वाजायचे," मावशी म्हणाली होती. "मी समोर बसून. हात मांडीखाली घेऊन बसायचे, उचलला जाऊ नये म्हणून." ती रडली नाही. कान चोळत राहिली. मग म्हणाली, "हे तुला सांगितलं. तुझ्यापाशीच राहू दे. निवृत्तीपर्यंत निभावू दे मला." मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी प्रवक्त्याला सांगितलं, कारण आमचा नियमच तसा होता: एकाला जे कळलं ते दुसऱ्याला कळलंच पाहिजे, नाहीतर जोडीनं वाचण्याला अर्थ नाही. आणि दोघांनी मान डोलावल्याशिवाय काहीही बाहेर जाणार नाही. मी त्याला वाक्य सांगितलं, कुणी कुणापुढे म्हटलं ते सांगितलं आणि ते का वापरता येणार नाही तेही सांगितलं. त्यानं डोळे मिटून घेतले. "काय वाक्य आहे," तो म्हणाला. मला वाटलं, मावशीसाठी त्याला वाईट वाटलं. तेव्हाच त्यानं ती शपथ घेतली.

आणि आता ते पडद्यावर होतं. तिसऱ्या रांगेत साहेब बसलेले मला आधीपासून दिसत होते. आमच्या कार्यक्रमाला संस्थेचं कुणीतरी येणार हे पत्रिकेतच होतं. वाक्य आल्यावर सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं, साहेबांनी बघितलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि सावकाश मान वळवून ते रांगा बघू लागले, लग्नात ओळखीचं माणूस शोधावं तसे. मी बाटलीकडे बघत राहिले. शेवटी वर बघितलं तर ते माझ्याकडेच बघत होते. ओळखीचं हसले. टेबलाखालची पोर त्यांनी ओळखली होती. व्यासपीठावरचा आवाज पुढे चालू होता, 'संस्थात्मक प्रतिसादामागची मूक यंत्रणा' वगैरे, आणि मी तो आवाज ऐकताना एका मूर्ख गोष्टीचा विचार करत होते, की हा आवाज मी आजवर पाठीनं ऐकला, समोरून ऐकायची ही पहिलीच वेळ, आणि समोरून तो किती वेगळा आहे.

चहाच्या वेळी त्याच्याभोवती माणसं होती. ती पांगेपर्यंत मी खांबाशी उभी राहिले, कुणाच्या तरी लग्नात आगंतुक आल्यासारखी. मग गेले. म्हटलं, "ते वाक्य."

"अगं, नाव कुठे आहे त्यात?" तो लगेच म्हणाला. म्हणजे उत्तर तयार होतं. "विभाग नाही, वर्ष नाही, बाई की बुवा तेही नाही."

"खोलीत तिघं होते. त्यातला एक तिकडे बिस्किट खातोय."

त्यानं कपात बघितलं. "मला तुझी काळजी समजते."

"चिंता," मी म्हटलं. "तिसरी पायरी." मला खरंच वाटलं, तो हसेल. कितीही झालं तरी हसेल, हात पोटाशी जुळवून काहीतरी बोलेल आणि मग मी त्याच्या अंगावर चहा फेकीन आणि निदान भांडण तरी सुरू होईल.

"आपण हे शांतपणे बोलू," तो म्हणाला. "मॅडमना बरोबर घेऊ. नक्की कुठे काय राहून गेलं ते आधी बघितलं पाहिजे." हनुवटी जरा वर होती. आवाजात साय होती. आणि तो थट्टा करत नव्हता. मी त्याच्या चेहऱ्यावर थट्टा शोधत राहिले, खिशात किल्ली शोधावी तशी, पुन्हा पुन्हा त्याच जागी. नव्हती. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी आजवर नुसतं ऐकलं होतं.

"मला जे सादरीकरण दाखवलंस त्यात हे वाक्य नव्हतं," मी म्हटलं. "मग घातलंस कधी? काल?"

"काल कसं घालीन? त्यांना आधीच पाठवावं लागतं ना सगळं. ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांना आधी दाखवायचं, रीतच आहे. त्यांनी काहीच आक्षेप घेतला नाही, उलट..."

"त्यांना पाठवलंस? हे वाक्य असलेलं? कधी?"

"झाले की बरेच दिवस."

म्हणजे दोन सादरीकरणं होती. एक माझ्यासाठी आणि एक त्यांच्यासाठी. मी विचारलं, असं का केलंस. तो गप्प राहिला. ही सगळ्यात खालची पायरी, जराशी उशिरा आली इतकंच. मग कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. साहेब होते. "फार नेमकं मांडलंत हो," ते त्याला म्हणाले. "अशीच माणसं हवीत आम्हाला. बाहेरून टीका करणारी आत आली की संस्था सुधारते. मग पहिल्या तारखेपासून यायचं, काय?" प्रवक्त्यानं माझ्याकडे न बघता मान डोलावली. दोघांपैकी एकाची मान. साहेब माझ्याकडे वळले, आवाज अगदी घरच्यासारखा. "केवढ्या मोठ्या झालात तुम्ही! मावशी बऱ्या आहेत ना? आता जरा विश्रांती घेऊ दे त्यांना. खूप केलं त्यांनी आमच्यासाठी."

मॅडमना मी जिन्यात गाठलं. त्यांनी सगळं ऐकलं, खरंच ऐकलं, मधेच माझा हातही धरला. मग म्हणाल्या, "वाईट झालं. पण हे बघ, तुझी पदवी व्हायची आहे, त्याची नोकरी लागतेय, विभागाला त्यांची मदत आहे. आपण अंतर्गत काहीतरी बैठक घेऊ. पुढच्यांसाठी नियम कडक करू." मी त्यांच्याकडे बघत होते. दोन्हीत काळजी नाहीये, असं दारात उभं राहून म्हणणाऱ्या याच. मी हात सोडवून घेतला आणि खाली उतरले. जिन्याखालच्या खोलीचं दार उघडं होतं. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून होत्या. मी आत गेले नाही.

घरापर्यंत चालतच गेले. बस समोरून गेली, हात करायचं सुचलं नाही. रस्त्यात एका दुकानाचं शटर दुरुस्त करत होते, त्याच्या ठोक्यांनी डोकं भणभणत होतं, आणि मनात एकच घोकणी चालू होती, मावशीला सांगायचं कसं. मग पुलावर आल्यावर लक्षात आलं की सांगण्यासारखं काही उरलेलंच नाही. विश्रांती घेऊ दे. बरेच दिवस झाले पाठवून. डोक्यावर दिवसभर हेडफोनचा पट्टा असायचा म्हणून संध्याकाळी मावशीच्या केसांत नेहमी एक खाच पडलेली असते, डोक्यावरून आडवी, विंचरली तरी न जाणारी. आठवडाभर तिचे केस सरळ होते. मी बघितले होते आणि छान दिसतेस म्हटलंही होतं. ती म्हणाली होती, "हो का?" रोज सकाळी नेहमीच्या वेळी ती पर्स घेऊन बाहेर पडत होती. आणि या आठवड्यात ती माझ्याशी जरा जास्तच गोड वागत होती, माझे कपडे न सांगता इस्त्री करून ठेवत होती, जेवताना वाद घालत नव्हती, आजाऱ्याशी वागावं तशी. मी मनात म्हटलं होतं, म्हातारी होतेय, मऊ पडतेय.

ती खिडकीपाशी बसून माझ्या कुडत्याची उसवलेली शिवण घालत होती. "आलीस? कसा झाला कार्यक्रम?" तिनं विचारलं. दोरा दातांनी तोडला.

"तुला कामावरून काढलंय?"

तिनं शिवण उलटून बघितली. "काढलं कुठे. बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, संस्था तुमची ऋणी आहे, उद्यापासून घरी आराम करा."

"आणि रोज सकाळी कुठे जातेस?"

"बागेत. बाकं चांगली आहेत तिथली. ऊन झालं की वाचनालयात." जशी काही मी वेळ कसा जातो हे विचारत होते.

"मला का नाही सांगितलंस? मला का नाही विचारलंस, मावशी?"

"काय विचारायचं, चिमे?" ती म्हणाली. "त्यांनी वाक्य वाचून दाखवलं. तुझ्याशिवाय कुणाजवळ बोलले होते मी?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तिच्या गळ्यात पडले असते. "पहिल्या दिवशी आला राग. खोटं कशाला बोलू. बागेत बसून तुला नाही नाही ते बोलले मनात. मग म्हटलं, अडलं असेल पोरीचं. मोठ्या लोकांपुढे उभं राहायचं म्हणजे हातात काहीतरी लागतं. घेतलं असेल."

मी उभीच होते. खांद्यावरची पिशवीही काढली नव्हती. सभागृहात, चहापाशी, जिन्यात जे झालं नव्हतं ते आता झालं, मी मोडले. प्रवक्त्यानं दगा दिला, ठीक, तो परका. मॅडमनी काखा वर केल्या, त्याही परक्याच. पण हिनं मला टेबलाखालून वर उचलून वाढवलं आणि हिनंसुद्धा धरून चालावं की मी केलं असेन? आठवडाभर माझ्या ताटाला ताट लावून जेवली, माझे कपडे इस्त्री केले, आणि मनात मला चोर ठरवून बसली, एकदा नाव घेऊन न विचारता? भांड, ओरड, घराबाहेर काढ, पण विचार तरी! मी नाही केलं मावशी, मी नाही, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी तोंड उघडलंसुद्धा.

"एक सांगू?" मावशी म्हणाली. ती सुईत दोरा ओवत होती, दिव्याकडे तोंड करून, त्यामुळे तिचा चेहरा मला पूर्ण दिसत होता. "परक्या कुणाच्या भल्यासाठी गेली असती ना ही नोकरी, तर जन्मभर जळले असते मी. झोप लागली नसती. तुझ्यासाठी गेली. मग म्हटलं, गेली तर गेली, घरातच राहिली." दोरा ओवला गेला. तिनं गाठ मारली आणि माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की हा आठवडा तिनं बागेच्या बाकावर या एका गोष्टीच्या आधारानं काढला आहे, दुसरं तिच्यापाशी काही नाही. "उपयोग झाला ना गं तुला त्याचा? झाला ना काहीतरी?"

मला तो दिसला, मान डोलावताना. पहिल्या तारखेपासून.

"हो," मी म्हटलं. "खूप झाला."

मावशीचे खांदे सैल झाले. सुई कुडत्याला टोचून ठेवून ती उठली, माझ्या खांद्यावरची पिशवी तिनं काढून घेतली, आणि केसांवरून हात फिरवत तिनं मला माफ केलं.